वेशीच्या आत आणि वेशीबाहेर

एखाद्या वस्तूचा उपयोग संपला म्हणजे ती नाहीशी होते. परंतु तिचे नाव भाषेच्या पोटात पुष्कळ काळ टिकून राहते. गावाची वेस ही अशा वस्तूंपैकी एक होय. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या काठी, बारामती-इंदापूरच्या बाजूस फिरणाऱ्या मनुष्यास आज बहुतेक गावांत गावकूस दिसत नाही. कोठे एखादा बुरुज, कोठे चिरेबंदी कमानीचा एक खांब, कोठे नुसता मातीचा उंचवटा. तरीही त्याच गावांतील माणसे घरातले भांडण बाहेर गेले की ‘अब्रू वेशीवर टांगली’ असे म्हणतात, आणि ज्याला समाजातून काढून टाकावयाचे त्याला ‘वेशीबाहेर’ घालवितात. दरवाजा गेला, पण दरवाजाने निर्माण केलेले आत आणि बाहेर हे दोन प्रांत अद्याप शाबूत आहेत. या दोन प्रांतांचा विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वेशीचे स्वरूप पाहू. जुन्या देशावरील गावाभोवती दगडमातीचे कूस असे. त्यात एक किंवा अधिक वेशी. दोन बाजूंस बुरुज, मध्ये कमान, कमानीखाली जाड फळ्यांची दोन दारे, त्यांना आतून अडसर, आणि एका दारात माणूस वाकून जाईल एवढी लहान दिंडी. मोठ्या गावात किंवा वाड्यात दारांवर लोखंडी अणकुचीदार खिळे असत. हत्तीने धडक देऊ नये हा त्यांचा उद्देश. १७३२ साली वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिला म्हणजे या रचनेची कल्पना येते. वेशीच्या जवळ बहुधा मारुतीचे देऊळ असे आणि चावडीही फार दूर नसे. पोळ्याला किंवा बेंदराला गावातील बैल वाजतगाजत वेशीपाशी जमत. तेथे बांधलेल्या तोरणाखालून मानाचा बैल आधी जाई आणि मग बाकीचे. कोणाचा बैल पहिला, यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले आहेत. म्हणजे वेस ही केवळ रस्त्यावरची आडकाठी नव्हती. गावाने आपला मान, आपला देव आणि आपला न्याय जेथे मांडून ठेवला, अशी ती जागा होती.

हा प्रदेश लढाईच्या वाटेवरचा. शिवछत्रपतींचे आजे मालोजीराजे इंदापूर येथे लढाईत पडले आणि त्यांच्या नावाने ओळखली जाणारी गढी त्या शहरात आहे. पुणे-सुप्याची जहागीर शहाजीराजांकडे होती. त्यातले सुपे आज बारामती तालुक्यात मोडते. ज्या मुलखात दोन-चार पिढ्यांत एकदा तरी फौजांची धूळ उडत असे, त्या मुलखातील मनुष्याला रात्री वेशीचा अडसर पडल्याचा आवाज किती दिलासा देत असेल, हे आज विजेच्या उजेडात बसून आपणांस समजणे कठीण आहे.

आता थोडे दूर जाऊ. ख्रिस्ती लोकांचा धर्मग्रंथ मराठीत वाचणारास एक गोष्ट चटकन जाणवते. इब्री भाषेत नगराच्या दरवाजास ‘शआर’ असा शब्द आहे आणि मराठी भाषांतरकारांनी त्यासाठी ‘वेस’ हाच शब्द योजिला. भाषांतरकारास असा नेमका शब्द आयता मिळावा हे भाग्य क्वचितच लाभते, कारण येथे केवळ शब्दास शब्द मिळालेला नाही, संस्थेस संस्था मिळाली आहे. नियमशास्त्रात ‘तुझ्या वेशींच्या आत’ म्हणजे ‘तुझ्या गावांत’ असाच अर्थ होतो. अंशाने पूर्णाचा बोध व्हावा एवढे त्या अंशाचे महत्त्व होते.

अब्राहामाची पत्नी सारा मरण पावली तेव्हा तो परदेशी होता. तिला पुरण्यास त्याच्या मालकीची हातभर जमीन नव्हती. हेब्रोनच्या वेशीत, येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांच्या समक्ष, त्याने एफ्रोन हित्तीकडून मकपेलाची गुहा आणि शेत चारशे शेकेल रुपे तोलून देऊन विकत घेतले. तो व्यवहार वेशीत झाला म्हणूनच पक्का झाला. रूथची कथा तर आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. परक्या मवाब देशातील ही विधवा सासूच्या मागोमाग बेथलेहेमास आली आणि कापणीच्या शेतात सरवा वेचून दोघींचे पोट भरू लागली. बवाजाने तिचा स्वीकार करावयाचे ठरविले तेव्हा तो गावच्या वेशीत जाऊन बसला, दहा वडील माणसे बोलावली, जवळच्या नातलगाचा हक्क सर्वांदेखत विचारला, आणि त्याने पायातले पायतण काढून दिल्यावर व्यवहार पुरा झाला. चावडीवर पाटील, कुळकर्णी आणि चार वृद्ध बसवून महजर करणाऱ्या आमच्या पूर्वजांस या कथेत परके काही वाटले नसते.

उत्खननांनीही याला पुष्टी दिली आहे. पॅलेस्टाइनच्या उत्तरेस दान येथील प्राचीन वेशीत दगडी बाके आणि बसण्याचा चौथरा सापडला आहे. मगिद्दो, हासोर व गेजेर येथील वेशींना दोन्ही बाजूंस तीन तीन अशी सहा दालने होती. ती कोणत्या राजाने बांधली याविषयी विद्वानांत वाद आहे, पण त्यांत पहारा, बाजार आणि न्याय या तिन्ही गोष्टींस जागा होती हे समजण्यास अडचण पडत नाही. धान्याचा भाव वेशीत ठरे, राजाही प्रजेस दर्शन देण्यास वेशीत बसे. म्हणूनच आमोस या मेंढपाळ संदेष्ट्याचा सारा संताप वेशीवर आहे. गरिबाची दाद वेशीत लागत नाही, तेथे लाच चालते, हा त्याचा आरोप. देवळातील होम आणि गायन देवाला नको आहे, वेशीत न्याय हवा आहे, हे त्याच्या उपदेशाचे सार. सुमारे सत्तावीस शतकांपूर्वीचे हे बोल आहेत, आणि त्यांचे तेज अद्याप कमी झालेले नाही.

येथून वेशीचा अर्थ चढत जातो. नहेम्या बाबेलच्या बंदिवासानंतर यरुशलेमेत परतला, त्याने जळालेल्या वेशी आणि पडलेला तट बावन्न दिवसांत पुन्हा उभा केला. त्या कामात धर्मगुरु, सोनार, गंधी, व्यापारी यांनी आपापल्या घरासमोरचा भाग उचलला. मोडलेल्या समाजाला पुन्हा समाज करणे म्हणजे प्रथम त्याची वेस उभी करणे, असा त्याचा भाव होता. स्तोत्रकर्त्याने तर वेशींनाच जिवंत मानून, गौरवशाली राजा येत आहे तेव्हा माना वर करा, असे त्यांना विनविले. यशयाच्या ग्रंथात भावी नगराच्या तटास तारणाचे आणि वेशींस स्तुतीचे नाव दिलेले आहे. घराच्या दारापर्यंतही हा अर्थ उतरला. चौकटीस लिहून ठेवावयाच्या वचनांची आज्ञा यहुदी लोक आजतागायत पाळतात. कोकणातील मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना शेजारी ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांच्याही दाराच्या चौकटीस मजुजा लावलेला असे. शेजारच्याच घराच्या उंबरठ्यावर लक्ष्मीची पावले रेखाटलेली असत. दारातून केवळ माणूस येत नाही, मांगल्य किंवा अमंगल येते, ही भावना दोन्ही घरांची एकच.

आपल्याकडे हे रूपक आणखी आत वळले. गीतेने देहालाच नऊ दारांचे नगर म्हटले. कठोपनिषदाने ती दारे अकरा मोजली. म्हणजे बाहेरची वेस सांभाळून भागत नाही, डोळे, कान, मुख यांच्याही वेशी राखाव्या लागतात. बारामतीस राहून १७९४ साली तेथेच निवर्तलेले मोरोपंत बाबूराव नाईकांच्या आश्रयास होते. त्यांची ‘केकावली’ म्हणजे मोराच्या टाहोंची माळ, हा भक्त देवाच्या दाराशी उभा राहून मागणे मागतो आहे. पंत पंडित, प्रतिष्ठित, गावात मान असलेले; तरी भक्तीच्या क्षणी आपण दाराबाहेर आहोत असे त्यांना वाटते. सर्व थोर भक्तिकाव्यात हे बाहेर उभे राहणे आढळते.

परंतु येथे थांबून एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. पंतांचे दाराबाहेर असणे हे रूपक होते. ज्यांचे बाहेर असणे रूपक नव्हते, त्यांचे काय?

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात जुन्या ग्रामव्यवस्थेचे जे वर्णन आहे, त्यातील वेसकर या कामगाराकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. वेसकरी हे महाराचे काम. रात्री वेस लावणे, पहाटे उघडणे, परका मनुष्य आला तर त्याची वर्दी पाटलास देणे, शिवेचा तंटा पडल्यास खरी शीव दाखविणे, सरकारी कागद पुढल्या गावी पोचविणे, ही सारी त्याच्याकडे. गावाच्या सुरक्षिततेची किल्ली ज्याच्या हाती, त्याचे स्वतःचे घर मात्र गावकुसाबाहेर. म्हणजे संध्याकाळी त्याने वेस लावली की त्याची बायकापोरे बाहेरच्या अंधारात राहत. शत्रू आला तर पहिला घाव त्यांच्यावर. ज्या तटाने गावाचे रक्षण होई, त्या तटाचा राखणदार त्या रक्षणात मोजला जात नव्हता. आमच्या इतिहासात विसंगती पुष्कळ आहेत. पण इतकी उघड आणि इतकी शतके कोणाला न खुपलेली विसंगती क्वचितच दुसरी असेल.

कोणाला न खुपलेली असे म्हणणेही पूर्णपणे न्याय्य नव्हे. संतांना ती खुपली. चोखोबा मंगळवेढ्याचे. परंपरा सांगते की, तेथील गावकुसाच्या बांधकामावर असताना भिंत कोसळून १३३८ साली ते व इतर मजूर गाडले गेले. ज्या कुसाच्या आत त्यांना घर नव्हते, तेच कूस उभारताना त्यांना मरण आले. पुढे नामदेवांनी ढिगाऱ्यातील हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनि ऐकून चोखोबांच्या अस्थि ओळखल्या आणि त्या पंढरपुरास आणून महाद्वारासमोर त्यांची समाधि बांधली. नामदेवांनी स्वतःसाठीही त्याच महाद्वाराची पायरी मागितली. कथेतला चमत्कार बाजूस ठेवला तरी जी गोष्ट दगडात उरली आहे ती पुरेशी बोलकी आहे. एक भक्त पायरीवर आणि दुसरा पायरीसमोर. देवळाच्या आत ज्यास प्रवेश नव्हता, त्याला ओलांडल्यावाचून आत जाणाऱ्यास वाटच राहिली नाही.

मंगळवेढ्याचीच दुसरी कथा दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारांचे दरवाजे उघडून रयतेस धान्य वाटले. बेदरच्या बादशहाचा कोप झाला, तेव्हा देवाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची किंमत दरबारात भरली, असे कीर्तनकार सांगत आले. देवाने रूप घ्यावयाचे तर दिवाण, सरदार, शास्त्री अशी कितीतरी रूपे होती. लोकमनाने निवडले ते वेशीबाहेरच्या माणसाचे.

आता पुन्हा त्या दूरच्या ग्रंथाकडे वळलो तर तेथेही हीच कहाणी निराळ्या वेषात भेटते. अरामी सैन्याने शोमरोन नगरास वेढा घातला होता आणि आत लोक उपासमारीने मरत होते. वेशीबाहेर चार महारोगी बसलेले. आत गेले तर भूक, बसून राहिले तर मरण, म्हणून ते शत्रूच्या छावणीत शिरले, तो छावणी रिकामी! शत्रू रात्रीच पळाला होता. पोटभर खाऊन झाल्यावर त्यांना वाटले, ही सुवार्ता आपल्यापुरती ठेवणे बरे नव्हे. आणि ज्या नगराने त्यांना बाहेर ठेविले होते त्याच्या द्वारपालास त्यांनी हाक मारून वर्दी दिली. नगर वाचले ते वेशीबाहेरच्या माणसांच्या शब्दाने. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंताच्या दाराशी पडलेला लाजर हाही याच रांगेतला. आणि शेवटी ख्रिस्ती श्रद्धेचा जो मध्यबिंदु, येशूचा वधस्तंभ, तोही वेशीबाहेर. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राने यावर मुद्दाम बोट ठेविले आहे आणि वाचकांस वेशीबाहेर त्याच्याकडे जाण्यास सांगितले आहे. ज्या ग्रंथाने वेशींस इतके गौरविले, त्यानेच पवित्रता अखेर वेशीच्या बाहेर नेऊन ठेवावी, ही साधी गोष्ट नव्हे.

बारामतीच्या शेजारी दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाईंनी १८९८ च्या सुमारास आपले मुक्तिसदन तेथे नेले. बालविधवा, दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली, ज्यांना घराने आणि गावाने दार लावून घेतले होते, अशा शेकडोंना तेथे आसरा मिळाला. रमाबाईंच्या धर्मांतराविषयी वाचकांची मते काहीही असोत. परंतु त्यांनी इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर केले, त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, ते प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या छपाईच्या कामास त्या सदनातील स्त्रियांचे हात लागले, हे विसरता येत नाही. वेशीबाहेर टाकलेल्या स्त्रियांनी वेशींच्या त्या सर्व कथांची अक्षरे जुळविली.

हा प्रश्न केवळ ग्रंथांतला राहिला नाही. १९३० च्या मार्च महिन्यात नाशिकच्या काळाराम मंदिरापाशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रही मंदिराच्या दरवाजांवर जाऊन बसले. त्यांनी भिंत फोडली नाही, कुलूप तोडले नाही. दरवाजा हा उघडण्यासाठी असतो, एवढेच त्यांनी दरवाजाशी बसून सांगितले. वर्षानुवर्षे चाललेल्या त्या सत्याग्रहाला यश आले नाही, आणि दाराशी किती काळ बसावयाचे याला मर्यादा असते हेही त्याने दाखविले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राणांतिक उपोषण केले आणि त्याच वर्षी विठ्ठलमंदिर सर्वांस मोकळे झाले. चोखोबांच्या मृत्यूपासून मोजले तर महाद्वार ओलांडण्यास सहाशे नऊ वर्षे लागली. वेसकरीचे महारवतन रद्द व्हावे म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९२८ सालीच कायदेमंडळात विधेयक आणले होते. ते वतन कायद्याने गेले १९५८ साली. तोवर बहुतेक वेशी पडून गेल्या होत्या.

येथे कोणी म्हणेल, तर मग वेसच नको. सर्व दरवाजे मोडून टाकावेत. आम्हांस हे पटत नाही. वेस मोडलेल्या गावाचे काय होते हे नहेम्याच्या काळच्या यरुशलेमेने अनुभविले आणि फौजांच्या वाटेवरील आमच्या गावांनीही. आत बसलेल्यांस निर्भय झोप मिळणे हे वाईट नव्हे. न्याय सर्वांदेखत व्हावा, पाहुण्यास सामोरे जाण्यास एक जागा असावी, हेही वाईट नव्हे. प्रश्न दरवाजा असावा की नसावा हा नाही. तो कोणासाठी लागतो आणि लागल्यावर बाहेर कोण राहते, हा आहे. बायबलाच्या शेवटच्या ग्रंथात स्वर्गीय नगराचे जे दर्शन आहे त्यात तट आहे, वेशीही आहेत, प्रत्येक दिशेस तीन अशा बारा, एकेक एका मोत्याची. परंतु त्या कधीच लावल्या जात नाहीत. वेशी नाहीत असे नगर त्या द्रष्ट्याने कल्पिले नाही. न मिटणाऱ्या वेशींचे नगर त्याने कल्पिले. हा भेद सूक्ष्म असला तरी सगळा अर्थ त्यातच आहे.

या न मिटणाऱ्या वेशीची एक झलक आमच्या बारामती-इंदापूरकरांस दर आषाढात घरबसल्या मिळते. १६८५ साली तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी सुरू केलेला पालखीसोहळा याच वाटेने पंढरीस जातो. पालखी आली म्हणजे गाव वेशीपर्यंत सामोरे येते. काटेवाडीस परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात आणि मेंढपाळांच्या मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. ज्यांना एरवी गावाच्या कडेला जागा, त्यांचा त्या दिवशी मान पहिला. पुढे इंदापुराहून सराटीस जाऊन पादुकांना नीरास्नान घडते आणि सोहळा जिल्ह्याची वेस ओलांडतो. एक दिवस का होईना, गावाने आपला दरवाजा आतून नव्हे तर बाहेरून पाहावा, असा हा विधि आहे. त्याचे महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. पण तो एक दिवसाचा आहे, हेही लपवीत नाही.

कारण पालखी गेल्यावर चार महिन्यांनी, दिवाळीच्या पुढे, याच रस्त्यांनी दुसरे यात्रेकरू येतात. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू मुलखातून ऊसतोडणी कामगारांच्या टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांच्या परिसरात उतरतात. गावाबाहेर मोकळ्या रानात त्यांच्या कोप्या पडतात. त्यांच्या कोयत्यावर या भागाची समृद्धि उभी आहे, जशी एके काळी वेसकराच्या जागरणावर गावाची झोप उभी होती. त्यांची मुले शाळेच्या दारापर्यंत पोचतात की नाही, बाळंत होणाऱ्या स्त्रीला रात्री दवाखान्याचे दार उघडते की नाही, मजुरीचा तंटा पडला तर त्यांची दाद सर्वांदेखत लागते की नाही, हे आजचे वेशीतले प्रश्न आहेत. शहरांत नव्या वसाहतींना पुन्हा तट आणि दरवाजे आले आहेत, आणि त्या दरवाजावर रात्रभर उभा राहणारा पहारेकरी पहाटे जेथे झोपावयास जातो ती जागा पुष्कळदा त्या तटाबाहेरच असते. वेसकर गेला असे आपण समजत होतो. त्याचा नुसता पोशाख बदलला.

गावोगाव आता जुन्या वेशीच्या जागी सिमेंटच्या स्वागतकमानी उभ्या राहत आहेत. त्यांना दारे नाहीत, अडसर नाही. ‘सुस्वागतम्’ असे त्यांवर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ते शब्द खरे ठरविणे हे गवंड्याचे काम नव्हे. ते आत राहणाऱ्यांचे आहे.